कच्चं अर्थिंग

जो फॉल्ट कारागिरासमोर येत नाही, त्याच्याएवढा हरामखोर फॉल्ट दुसरा नाही. रात्रभर तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरच्या दारात गेलं की टुणटुणीत होतं, तशातली गत. गाडीवाला गळ्याची शपथ घेऊन सांगतो, मास्तर, काल पुलावर गाडी मेली, मीटरचे दिवे गेले, मागून अख्खी मुंबई माझ्या नावानं हॉर्न मारत होती. आणि घोडपदेवला दौलतच्या गाळ्यासमोर आणून उभी केली की तीच गाडी एका चावीत सुरू.

सीताराम परबांची गाडी तीन शनिवार हेच करत होती. बावीस वर्षांची पांढरी गाडी. परब दादरचे, नोकरीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. वर्षातून चारदा याच गाडीनं गावाला जायचे. आधीच्या गॅरेजवाल्यानं लॅपटॉप लावला, लॅपटॉपला काही दिसलं नाही. मग त्यानं बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, चावीचा स्विच बदलला, पेट्रोलचा पंपही बदलून टाकला. गाडी मरायची तशी मरत राहिली. शेवटी कुणीतरी दौलत मास्तरचं नाव सांगितलं.

"मास्तर, मुलगा म्हणतो भंगारात द्या," परब म्हणाले. "मी म्हटलं, तुझा बाप पण जुनाच आहे, त्याला कधी देतोस?"

दौलत हसला. पण आतून त्याची फाटली होती.

बासष्ट वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग केलेली. 'पार्ट बदलतो तो दुकानदार, फॉल्ट पकडतो तो कारागीर,' हे त्याचं वाक्य भायखळ्यापर्यंत लोकांना पाठ होतं. आणि त्याचे कान गेले होते. चाळीस वर्षं हातभर अंतरावर हॉर्न तपासले, त्याची भरपाई शरीरानं केली. डावा कान ठार, उजवा अर्धा. आता असला येणारा-जाणारा फॉल्ट डोळ्यांनी सापडत नाही, कानानं सापडतो. चावी फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो. डॅशबोर्डखाली त्या पंपाला करंट सोडणारा रिले टिक करतो. हे आवाज आले, नाही आले, अर्धवट आले, यावर निम्मी गाडी कळते. दौलतला ते दोन्ही आवाज पाच वर्षांपासून येत नव्हते. बोट लावून थरथर बघायची आणि बाकीचा अंदाज ठोकायचा, असं चाललं होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

न सांगण्यात तो पटाईत होता. याहून मोठी गोष्ट त्यानं सतरा वर्षं सांगितली नव्हती.

त्या शनिवारी गाळ्याच्या दारात वैशाली उभी राहिली. त्याची मुलगी. पस्तीस वर्षांची, भांडुपला दिलेली, परळच्या एका ऑफिसात विम्याचे क्लेम तपासणारी. गाळ्यात तिनं सतरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. यायची ती वर चाळीतल्या खोलीवर, आणि तिथूनच परत जायची.

"खोलीला कुलूप आहे तुमच्या," ती दारातूनच म्हणाली. "हे घ्या. कानाच्या मशीनचे सेल. मशीन कुठंय?"

"आहे ना. खिशात."

"खिशाला ऐकायला येतं का? कानात घाला!"

परब खो खो हसले. दौलतनं गुपचूप मशीन काढलं, सेल घातला, कानात अडकवलं. एकदम रस्ता अंगावर आला. टेम्पो, कुकरची शिट्टी, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.

तेवढ्यात परबांनी पुन्हा चावी फिरवली. वैशाली निघाली होती, ती थांबली.

"परत फिरवा," ती म्हणाली.

"काय ताई?"

"चावी. बंद करा, परत ऑन करा. सुरू नका करू."

परबांनी दौलतकडे बघितलं. दौलतनं मान हलवली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. वैशालीनं पर्स फळीवर ठेवली आणि परबांना सीटवरून उठवून स्वतः बसली. आठव्या वेळी तिनं हात वर केला.

"पंप बोलला नाही."

"मशीन घालूनही मला काही कळत नाही," दौलत म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"पंपाचा दोष नाही. रिले किरकिरतोय. टिक करून बसत नाही, टिक-टिक-टिक करतोय. करंट येतोय त्याला, पण परत जायला वाट नाही."

"अर्थिंग," दौलत म्हणाला.

"कच्चं झालंय कुठंतरी. नवीन पंप लावला काय आणि सोन्याचा लावला काय."

तिनं ओढणी कंबरेला बांधली. कुणाला विचारलं नाही. भिंतीवरच्या हुकाला टांगलेली चिमट्यांची वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरं टोक रिलेच्या काळ्या वायरीला. "आता फिरवा." परबांनी वीस वेळा चावी फिरवली. वीसच्या वीस वेळा पंप गुणगुणला. चिमटा काढला, की पाचव्या-सहाव्या वेळी पुन्हा मुका. लॅपटॉपला जे दिसलं नाही ते दोन हात वायरीनं सांगितलं.

तिच्या नखात काळं गेलं होतं. दौलत त्या नखांकडे बघत राहिला.

ही पोरगी अठराव्या वर्षी असंच करायची. बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात ती रोज गाळ्यावर यायची, आणि दौलत ज्या गाडीला दिवस लावायचा ती गाडी ही दुपारच्या चहाआधी मोकळी करायची. तिला आयटीआयला जायचं होतं, मोटारीच्या वायरिंगच्या ट्रेडला. फॉर्म तिनंच भरला. यादीत नाव लागलं. चार दिवसांत शाळा सोडल्याचा मूळ दाखला घेऊन हजर व्हायचं होतं.

दाखला सापडला नाही. घरातले सगळे कागद तिची आई, चंपा, पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पेटी उपसली, गाद्या उसवल्या, शेजाऱ्यांचीही कपाटं झाली. चौथा दिवस गेला, जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. महिन्यानं शाळेतून दुसरा दाखला निघाला, तोवर कॉमर्सशिवाय काही उरलं नव्हतं. वैशाली आईला म्हणाली, तुला एक कागद सांभाळता आला नाही. चंपा काही बोलली नाही.

कागद दौलतनं लपवला होता. गाळ्यातल्या वरच्या फळीवर, फ्यूजच्या डब्यात.

का लपवला? त्याच्याकडे कारण होतं, आणि कारण त्याला फार मोठं वाटत होतं. त्याच्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढली. बापानं कापडगिरणीत साच्यांखालचा कचरा काढला. तो स्वतः गाड्यांच्या पोटाखाली पाठ घासत जगला. जयंतीच्या मंडपात दरवर्षी भाषण व्हायचं, शिका, शिका. पुढच्या खुर्च्यांवर बँकवाले, मंत्रालयवाले बसायचे, त्यांची पांढरी मनगटं दौलत मागून बघायचा. त्यानं त्या 'शिका'चा अर्थ घेतला तो एवढाच: टेबल, खुर्ची, पंखा. आपल्या पोरीच्या नखात काळं नको. वायरीतून करंट कुठं अडलाय हे कानानं ओळखणं हे शिकणंच असतं, आणि तसं शिकलेला माणूस लाखात एक असतो, हे त्या मूर्खाला कळलं नाही. मंडपातल्या कुणालाही कळलं नसतं. पण त्यांनी दाखला चोरला नव्हता. यानं चोरला होता.

आणि तेही माफ झालं असतं एक वेळ. आईवर आळ येताना तो समोर जेवत बसला होता. भाकरी मोडली आणि खाल्ली.

"पप्पा, पान्हा," वैशाली म्हणाली.

ती डाव्या बाजूला, पायाशी वाकली होती. कडेचं प्लास्टिक काढलं, गालिचा उलटला. खालच्या पत्र्यावर तांबडट डाग पसरला होता, वाळून चिकट झालेला. कोपऱ्यात एका बोल्टखाली चार काळ्या वायरी एकत्र आवळलेल्या. तो बोल्ट हिरवा-पांढरा फुलला होता, तोंडलीवर मीठ चढावं तसा. तिनं बोटानं वायर हलवली. मीटरचे दिवे गेले. पुन्हा हलवली. आले.

"सापडला," ती म्हणाली, आणि हसली. दौलतनं तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना.

परब वाकले. त्यांनी डागाचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"आगळ! कोकमाचं आगळ हो! दोन वर्षांमागं गावाहून येताना बाटली सांडली होती इथं."

"मीठ आणि आंबट," वैशाली म्हणाली. "दोन वर्षं बोल्ट खातंय. गाडी खड्ड्यात आपटली, तापली, की वायर सुटते. थंड झाली की धरते."

परबांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला, स्पीकरवर. "अगो सुभद्रा, गाडी कोणी मारलान कळला! तुज्या आगळान! झाकाण घट्ट लावूक येणा नाय तुका!"

पलीकडून बाई कडाडल्या. "माज्या नावार कित्याक घालतास? मी कापडात बांधून पिशयेत ठेवलेलंय. 'तुका काय समाजता' म्हणान भायर कोणी काढल्यान? झाकाण तुमीच लावलास! आणि दोन वर्सां माका बोललास, बाटली तू सांडलंस, बाटली तू सांडलंस!"

"बरां बरां, घराक येऊन भांडूया," परबांनी फोन कापला. कान लाल झाले होते, पण हसत होते. "तशी झाकण मीच लावल्याची आठवण आहे मला थोडी. पण तेव्हा कसं बोलणार? हिच्यावर टाकलं की भांडण लवकर मिटतं."

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. संध्याकाळी गाडी न्यायला येतो म्हणून ते टॅक्सीनं गेले.

गाळ्यात दोघंच उरली. वैशाली बोल्ट कानशीनं घासत होती. चकचकीत धातू दिसायला लागला होता. तिचा मूड चांगला होता, आणि म्हणूनच ती ते बोलली.

"बायकांवर टाकणं सोपं असतं. पण आपली आई खरंच तशी होती हां, पप्पा. वस्तू ठेवली की गेली. दाखला तेव्हा सापडला असता ना, तर आज हा गाळा मी चालवत असते. जाऊ दे. गेली बिचारी."

चंपाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

दौलतच्या कानात मशीन होतं. कानशीचा खर्रखर्र आवाज त्याला स्पष्ट येत होता. गप्प राहिलं असतं तर हा दिवस चांगला गेला असता. पोरगी पुढच्या शनिवारी पुन्हा आली असती. त्याला तेच हवं होतं, म्हातारपणी गाळ्यात कुणीतरी आपलं. तोंड बंद ठेवणं एवढंच करायचं होतं, आणि ते त्याला सतरा वर्षांच्या सवयीचं होतं.

"दाखला मी लपवला होता, वैशू."

कानस थांबली नाही. "काय?"

"तुझा दाखला. आईनं हरवला नाही. मी पेटीतून काढला."

आता थांबली. ती वळली नाही. मग तिनं विचारायला सुरुवात केली. फॉल्ट शोधताना वायर जशी एका टोकापासून हातात धरून सरकत जायची असते, तसं एकेक.

"कुठं ठेवला?"

"इथंच. फळीवर. फ्यूजच्या डब्यात."

"आता कुठंय?"

"फाडला. गटारात टाकला."

"का?"

"तुझ्या नखांत काळं नको होतं. ऑफिसात बसावीस वाटत होतं. मला वाटलं, आपल्या लोकांनी एवढं सोसलं ते कशाला, पोरीनं परत..."

"ते राहू दे. आईला माहीत होतं?"

दौलतला इथं खोटं बोलता आलं असतं. नव्हतं माहीत, म्हणाला असता तर निदान पोरीचं एक दुखणं कमी झालं असतं. किंवा वाढलं असतं. त्याला त्यातलं काही समजत नव्हतं.

"होतं. शेवटची तारीख गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती. मी नेमका फ्यूजचा डबा उघडला, तिला दाखला दिसला."

"म्हणून ती नंतर कधी गाळ्यात आली नाही."

"हं."

"आणि मी तिला घालूनपाडून बोलत होते तेव्हा ती गप्प का बसली?"

दौलत स्टुलावर बसला. "मी सांगितलं तिला. म्हटलं, तू तोंड उघडलंस तर पोरगी जन्मात बापाचं तोंड बघणार नाही. तुझ्यावर चिडेल चार दिवस. आईवर पोरं राग धरत नाहीत."

समोरच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. वैशालीनं कानस गालिच्यावर ठेवली, मग उचलून जागेवर ठेवली.

"मी धरला," ती म्हणाली. "चौदा वर्षं धरला. लग्नाच्या साडीला तिच्याबरोबर गेले नाही. बाळंतपणाला सासरी राहिले. तुम्ही म्हणत होतात ना, आईकडे ये गं, आईकडे ये गं. कुठल्या तोंडानं म्हणत होतात?"

दौलतनं खाली पडलेला पान्हा उचलून पुसायला घेतला.

"हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, माझे केस विंचर. मी नर्सला सांगितलं. मी मोबाईल बघत बाहेर बाकावर बसले होते, पप्पा. नर्सनं विंचरले."

"वैशू, मी रोज..."

"रोज काय? रोज तुम्हाला वाईट वाटलं? मग सांगायचं होतं. ती जिवंत असताना एक दिवस. नुसता एक दिवस. माझी नोकरी, माझा ट्रेड, ते गेलं खड्ड्यात, ते मी केव्हाच सोडून दिलं. तुम्ही मला आयटीआयपासून तोडलं त्याचं मला काही नाही. तुम्ही मला तिच्यापासून तोडलं."

तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही. ओरडली असती तर दौलतला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसासमोर मान खाली घालून बसता येतं.

त्याला वाटलं, आता ही पर्स उचलेल आणि जाईल. पण ती पुन्हा खाली वाकली. गरम पाण्यात सोडा कालवून पत्रा पुसला, कोरडा केला. चारही वायरींची कुजलेली टोकं कापली, बोल्टात अडकवायच्या कड्या, नवीन लग, दाबून बसवले. दौलतनं प्लायर पुढे केला, तिनं घेतला नाही, दुसरा शोधून घेतला. बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला. तपासायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि एक बोल्टला लावून बघितली. काटा जागचा हलला नाही, म्हणजे करंटला वाट मोकळी. गालिचा अंथरला, प्लास्टिक दाबलं. काम असं केलं की उद्या कुणी उघडून बघितलं तर त्यात बोट ठेवायला जागा नको. दौलत बघत होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याही वेळी त्याला अभिमान वाटत होता.

तिनं हात रॉकेलनं धुतले, ओढणी सोडली, पर्स घेतली आणि गाडीत बसली.

"ट्रायल घेते," ती म्हणाली.

"मी येतो बाजूला."

"नको."

गाडी एका चावीत सुरू झाली. नाक्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

ट्रायलला अर्धा तास लागतो. तासाभरानं दौलत नाक्यापर्यंत जाऊन आला. दुसऱ्या तासाला चहावाल्यानं विचारलं, "मास्तर, कुणाची वाट बघताय?" तो म्हणाला, गाडीची. वैशालीला फोन लावला, तो पुरा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही. गाडी पुलावर मेली की काय, असं एकदा मनात आलं. पण हे काम बघितल्यावर तो विचार टिकणारा नव्हता.

पाचच्या सुमाराला परबांचा फोन आला.

"मास्तर! तुम्ही कमाल केलीत. गाडी घरपोच! ताई स्वतः घेऊन आल्या, गाडीतल्या कागदांवरून पत्ता शोधून. दादरच्या पुलावर तीन चकरा मारल्या म्हणे, वरळीपर्यंत नेऊन आणली, एकदा पण दगा नाही. मी म्हटलं वर चला, चहा घ्या, आमची ही वाट बघतेय. वर आल्या. सुभद्राशी इतक्या बोलल्या, इतक्या बोलल्या... मग एकदम रडायलाच लागल्या हो. हिनं जवळ घेतलं. घरी काही झालंय का?"

दौलतनं विचारलं, "आहेत का अजून?"

"गेल्या आत्ताच, ट्रेन पकडायची म्हणून. आणि हां, त्यांनी त्यांचा नंबर दिलाय. म्हणाल्या, पुढे गाडीनं काही केलं तर मला फोन करा, मी सुट्टीच्या दिवशी घरी येऊन बघीन. गाळ्यावर नेऊ नका." परबांनी विचारलं, "तुम्ही गाळा बंद करताय का मास्तर?"

"नाही अजून."

"मग असं का म्हणाल्या? असो. पण पोरगी जबरदस्त हो. सोन्याचे कान. कुणी शिकवलं?"

"मी नाही," दौलत म्हणाला.

परबांना तो विनय वाटला. ते मोठ्यानं हसले, आणि मग सुभद्राबाईंनी मास्तरांसाठी आगळाची नवीन बाटली काढून ठेवलीय, ती कधी पाठवू, हे विचारत राहिले.